गुडघा हातानं सैल करून घ्यायचा का? फोंड्याच्या काकींच्या पत्राला उत्तर

नमस्कार काकी,

पत्र मिळालं. कुठे दुखतं, कधी दुखतं, काय केल्यावर वाढतं हे सगळं तुम्ही नीट लिहिलंत ते फार बरं झालं, नाहीतर "गुडघे गेले हो" एवढ्यावर काय सांगणार. बाकीच्या वाचकांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. काकी फोंड्याजवळच्या गावात राहतात, वय ६१, शुगर आहे पण गोळ्यांवर ताब्यात आहे, उजवा गुडघा तीन वर्षं दुखतोय आणि आता डाव्यानंही कुरकुर सुरू केलीय. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं गुडघा आखडलेला असतो, सोप्याच्या म्हणजे ओसरीच्या पायऱ्या उतरताना कळ येते, पाय पूर्ण सरळ होत नाही आणि मांडी घालून भजनाला बसणं वर्षभरापासून बंद झालंय. एक्सरे बघून डॉक्टरांनी ऑस्टिओआर्थरायटिस म्हणजे सांध्याची झीज, चारपैकी ग्रेड ३ असं लिहिलंय. एका क्लिनिकमध्ये दहा दिवस शेक आणि करंट घेतला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं आणि पंधरवड्यात परत तेच. आता इंजेक्शन घ्या म्हणतायत, मुलगा म्हणतो ऑपरेशनच करून टाकूया, आणि शेजारीण म्हणते मडगावला एक फिजिओ आहे तो मशीन लावतच नाही, हातानंच गुडघा सैल करतो, तिला फरक पडला. तर काकींचा प्रश्न असा की ह्या हातानं करायच्या फिजिओथेरपीत काही तथ्य आहे की नुसतंच मालिश, आणि आधीच झिजलेल्या गुडघ्याला असं दाबून-ओढून आणखी झीज तर होणार नाही ना. शिवाय चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, फुगडी घालता येईल का.

आधी थेट उत्तर देते. तथ्य आहे, आणि तुमच्यासारख्या आखडलेल्या गुडघ्याला तर करून बघण्यासारखंच आहे, पण एका अटीवर. हातानं गुडघा मोकळा करून घेतला की त्याच दिवशी घरी येऊन तुम्ही व्यायाम करायचा, आणि दुसऱ्या दिवशीही, आणि ट्रीटमेंट संपल्यावरही. ही अट जमणार नसेल तर मडगावच्या फेऱ्या करू नका, पैसे जातील आणि महिन्याभरात गुडघा होता तिथेच येईल.

आता हे असं का ते सांगते, कारण तुम्हाला नुसतं "करा" म्हणून सांगितलेलं पटणार नाही हे पत्रावरूनच कळतंय.

गुडघ्याची झीज म्हणजे लोकांच्या डोक्यात चित्र असतं की मधली गादी संपली, हाडावर हाड घासतंय, म्हणजे जितकं हलवू तितकं घासेल. ही गादी म्हणजे कूर्चा, ती पातळ होते हे खरं आहे, पण दुखणं सगळं तिथून येत नाही, कूर्चेला तर दुखण्याच्या नसाच नसतात. दुखतं ते सांध्याभोवतीच्या पिशवीला, तिच्या आतल्या सुजलेल्या अस्तराला, कूर्चेखालच्या हाडाला, आजूबाजूच्या स्नायूंना आणि स्नायूबंधांना. म्हणूनच एक्सरे आणि दुखणं ह्यांचा मेळ बसत नाही, ग्रेड ४ चा एक्सरे घेऊन शेतात काम करणाऱ्या बायका आहेत आणि ग्रेड २ वाल्या पायरी उतरताना रडतात. तो ग्रेडचा आकडा एक्सरेच्या फोटोचा आहे, तुमचा नाही. आणि दुखतंय म्हणून आपण पाय जरा वाकवूनच ठेवतो, झोपताना खाली उशी घेतो, चालताना सरळ करत नाही, मग ती पिशवी मागच्या बाजूनं आवळत जाते, मांडीचा पुढचा स्नायू सुकतो, आणि पाय सरळ होईनासा झाला की उभं राहतानासुद्धा तो स्नायू सतत ताणून धरावा लागतो, त्यामुळे गुडघ्यावर दाब वाढतो, त्यामुळे परत दुखतं. तुमचा पाय पूर्ण सरळ होत नाही असं तुम्ही सहज एका ओळीत लिहिलंय पण माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रात तीच सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे.

हाताची थेरपी काम करते ती नेमकी इथे. आपल्याकडे पावसात लाकडी दार फुगून चौकटीत अडकतं तेव्हा आपण जोरात लाथ मारत नाही, वर-खाली थोडं थोडं हलवत कुठे अडकलंय ते बघतो आणि तिथेच सैल करतो, तसंच काहीसं समजा. तुम्हाला पाठीवर झोपवून गुडघ्याखाली उशी देतात, आणि फिजिओ दोन्ही हातांनी नडगीचं हाड वरच्या बाजूला धरून पुढे-मागे हळूहळू सरकवतो, अगदी थोड्या मिलीमीटरची हालचाल असते ती, बाहेरून बघणाऱ्याला वाटेल काहीच करत नाहीये. मग गुडघ्याची वाटी वर, खाली, आत, बाहेर सरकवतात, तुमची वाटी बहुतेक खालच्या बाजूला सरकतच नसेल. मग टाच उशीवर ठेवून गुडघा सरळ होण्याच्या शेवटच्या टोकाला हलके हलके दाब देतात, तिथे ताण जाणवतो. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड म्हणून फिजिओथेरपिस्ट होते, त्यांनी ह्या हालचालींना चार ग्रेड दिले, पहिले दोन दुखणं शांत करायला, अगदी हलके, आणि तिसरा-चौथा आखडलेपणा सोडवायला, जरा खोलवर. न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन ह्यांची वेगळी पद्धत आहे, त्यात फिजिओ हाड एका बाजूला सरकवून धरून ठेवतो आणि तुम्ही स्वतः गुडघा वाकवता, आणि त्यात नियमच असा की दुखता कामा नये, दुखलं तर दिशा बदलायची. दोन्ही आपल्याकडच्या फिजिओंना शिकवतात. कुठेही कडकन आवाज काढणं, झटका देणं ह्यात येत नाही. तुमच्या शेजारणीचा माणूस झटका देत असेल तर जाऊ नका, आणि तो फिजिओ आहे की हाडवैद्य ते आधी विचारा, बीपीटी किंवा एमपीटी ही फिजिओथेरपीची पदवी आहे का असं सरळ तोंडावर विचारायला संकोच करू नका.

ह्यानं झीज वाढते का? नाही वाढत, नीट केलं तर. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, तिला जे काही पोषण मिळतं ते सांध्यातल्या पाण्यातून, आणि ते पाणी आत-बाहेर व्हायला हालचाल आणि बेताचा दाबच लागतो. पण झीज भरूनही येत नाही, हेही स्वच्छ सांगते. कुणी म्हणत असेल की हातानं करून सांध्यातली गॅप वाढवतो, तर ते खोटं आहे. हातानं दोन गोष्टी होतात, आखडलेली पिशवी आणि स्नायू थोडे सैल होतात, आणि दुखण्याचा जो निरोप मेंदूकडे जातोय तो काही काळ मंदावतो. हा "काही काळ" कधी काही तास, कधी दोन-चार दिवस असतो. त्या वेळात तुम्ही मांडीचा स्नायू बळकट करायला घेतलात, मिळालेला सरळपणा रोज वापरात ठेवलात, तर तो टिकतो. नाही केलंत तर परत आवळतो. माझं एवढंच म्हणणं आहे आणि बाकीचं सगळं पत्र त्याच्याभोवतीच आहे.

अभ्यास काय सांगतो तेही सांगते, मुलाला वाचून दाखवा. २००० साली अमेरिकेत, टेक्सासच्या एका लष्करी इस्पितळात डेल आणि सहकाऱ्यांनी ८३ पेशंट घेतले, अर्ध्यांना हाताची थेरपी आणि व्यायाम, आणि बाकीच्यांना नुसतं दाखवायला म्हणून उपचार. तो दाखवायचा उपचार काय होता माहितीये? अल्ट्रासाउंडचं मशीन (सोनोग्राफीचं नव्हे, ध्वनिलहरींनी उपचार करायचं), अगदी कमी ताकदीवर ठेवलेलं. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, म्हणजे एकूण आठच वेळा. आणि त्यांनी नुसता गुडघा नाही धरला, गरज असेल तसं कंबर, खुबा, घोटाही हातानं बघितला. आठव्या आठवड्याला पहिल्या गटाचं दुखणं, आखडणं आणि रोजच्या कामातला त्रास मिळून जो स्कोअर असतो तो जवळपास ५६ टक्के सुधारला, सहा मिनिटांत चालायचं अंतर १३ टक्के वाढलं, आणि दुसऱ्या गटात विशेष काही नाही. वर्षभरानंतर मशीनवाल्या गटातल्या २० टक्के लोकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, पहिल्या गटात ५ टक्के.

हे वाचून लगेच हुरळून जायचं नाही, कारण त्यात हात आणि व्यायाम दोन्ही एकत्र होते, कुणामुळे किती ते कळत नाही. म्हणून त्याच लोकांनी २००५ मध्ये १३४ जणांवर दुसरा अभ्यास केला, एका गटाला क्लिनिकमध्ये हाताची थेरपी आणि व्यायाम, दुसऱ्याला नीट शिकवून घरीच व्यायाम. चार आठवड्यांनी क्लिनिकवाले ५२ टक्के सुधारले आणि घरवाले २६ टक्के, म्हणजे दुप्पट फरक. पण वर्षानंतर बघितलं तर दोन्ही गट सुरुवातीपेक्षा बरे होते आणि दोघांत फारसा फरक उरला नव्हता, क्लिनिकवाल्यांना गोळ्या मात्र कमी लागत होत्या. मला हा अभ्यास जास्त प्रामाणिक वाटतो कारण तो नेमकं तेच सांगतो जे रोज पेशंटमध्ये दिसतं, हातानं सुरुवात लवकर आणि चांगली होते, पुढचं वर्ष व्यायाम सांभाळतो.

तज्ज्ञांचं एकमत आहे का, तर नाही. अमेरिकेच्या संधिवात तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१९ च्या मार्गदर्शनात म्हटलं की व्यायामाच्या जोडीला हाताची थेरपी दिल्यानं वेगळा फायदा पुरेसा सिद्ध झालेला नाही, म्हणून तिची शिफारस करत नाही. इंग्लंडच्या नाइस ह्या उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेनं २०२२ मध्ये म्हटलं की द्यायची असेल तर द्या, पण व्यायामासोबतच, एकटी नको. व्यायाम आणि वजन ह्याबद्दल मात्र दोघंही ठाम आहेत. आणि करंटच्या मशीनबद्दलही, नाइस सरळ म्हणतं की अल्ट्रासाउंड, टेन्स, आयएफटी वगैरे देऊच नका, फायदा दिसत नाही. तुम्हाला दहा दिवस फक्त शेक आणि करंट देऊन घरी पाठवलं, एकही व्यायाम शिकवला नाही, पाय किती सरळ होतो ते मोजलं नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तुमच्यासारख्या बायका मग "फिजिओ करून बघितलं, काही झालं नाही" असं म्हणत थेट ऑपरेशनच्या रांगेत जातात, आणि खरी फिजिओथेरपी त्यांच्या वाट्याला आलेलीच नसते. शेक घरी घेतलात तर चालेल, बरं वाटतं, पण शुगर आहे तेव्हा पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून आणि हाताला चटका लागतो का बघूनच, शुगरवाल्यांना पायाला भाजल्याचं कळत नाही कधी कधी.

मग मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं. मडगावच्या त्या फिजिओला किंवा फोंड्यातच कुणी हातानं करणारं मिळालं तर त्यांना, नाहीतर बांबोळीला जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) फिजिओथेरपी विभागात दाखवलं असतं आणि चार आठवडे, आठवड्यातून दोनदा एवढंच ठरवून घेतलं असतं. पहिल्या दिवशी तो माणूस काय करतो ते नीट बघा. तुमचा खुबा, कंबर, घोटा तपासतो का, कारण खुब्याचं दुखणंसुद्धा गुडघ्यात जाणवतं. पाय किती सरळ होतो, किती वाकतो ते मोजून लिहितो का. आणि तुम्हाला जे जमत नाही असं एक काम ठरवून घेतो का. तुम्ही लिहिलंय की कदंबाच्या बसची पायरी चढताना हातानं दांडा ओढून घ्यावा लागतो, तर तेच ठरवा. साधारण तेवढ्या उंचीच्या स्टुलावर पाय ठेवून हातानं करण्याआधी एकदा चढून बघायचं, आणि झाल्यावर लगेच परत. चांगला फिजिओ दरवेळी हे करतोच. त्याच बैठकीत थोडातरी फरक जाणवला, पाय हलका वाटला, तर तुमच्या गुडघ्याला ह्या उपचाराची भाषा कळतेय असं समजा. पाच-सहा वेळा जाऊनही काहीच फरक नाही तर थांबा आणि त्याला विचारा की आता वेगळं काय करणार, आणि "अजून वीस सिटिंग लागतील, पॅकेज घ्या" असं उत्तर आलं तर उठून या. वर्षानुवर्षं दर आठवड्याला हातानं करून घ्यायची ही ट्रीटमेंट नाही.

झाल्यावर त्या रात्री जरा ठणकेल, दुसऱ्या दिवशीपर्यंत ओसरलं तर काळजी नाही. दोन दिवस सूज राहिली तर पुढच्या वेळी सांगा, दाब कमी करायला हवा. आणि गुडघा गरम, लाल होऊन एकदम सुजला, ताप आला, पोटरी सुजून दुखायला लागली, पडल्यावर पाय टेकवता येईना, किंवा गुडघा मधेच अडकून हलेचना, तर कुणाच्याही हातात गुडघा देऊ नका, आधी डॉक्टर. तुमच्या पत्रात ह्यातलं काही नाही म्हणून मी एवढं मोकळेपणानं सांगतेय. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत जातो हेही चांगलं आहे, तास-तासभर राहिला असता आणि हाताची बोटंही सुजत असती तर आमवाताची तपासणी करा म्हटलं असतं.

आता घरचं. तुम्हाला पंधरा व्यायामांचा कागद देणार नाही, तो कागद देवघराच्या कपाटात जातो हे मला माहितीये. चार गोष्टी करा पण रोज करा. पहिली, बिछान्यावर पाय लांब करून टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा म्हणजे गुडघा खाली लोंबकळेल, पाच मिनिटं तसंच बसा, जप करायचा असेल तर करा त्या वेळात, ह्यानं मागची आवळलेली बाजू सुटते आणि हातानं मिळालेला सरळपणा इथेच टिकतो. दुसरी, तोच टॉवेल गुडघ्याखाली घेऊन गुडघ्यानं खाली दाबा, मांडी घट्ट झाली पाहिजे, मनात पाच-सहा मोजा, सोडा, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. तिसरी, जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवरून हात न लावता उठा आणि हळू बसा, बसताना घाई नको, सुरुवातीला खुर्चीवर उशी टाकून उंची वाढवा म्हणजे जमेल, आठ-दहा वेळा करून थोडं थांबून परत एकदा, आणि सोपं वाटायला लागलं की उशी काढा. चौथी सोप्याची सगळ्यात खालची पायरी, एका हातानं खांब धरून उजव्या पायानं चढा आणि हळू उतरा. ह्याच पायरीचं तुम्हाला भय आहे म्हणून हिच्यावरच सराव हवा, पण पहिले दोन आठवडे राहू दे, तोवर पहिले तीनच.

व्यायाम करताना दुखलं तर किती चालेल हे सगळ्यात जास्त विचारतात. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर चार-पाचपर्यंत चालतं, आणि दुसऱ्या सकाळी नेहमीइतकंच किंवा कमी असलं पाहिजे. त्याच्यावर गेलं तर व्यायाम बंद करू नका, संख्या निम्मी करा. रात्री गुडघ्याखालची उशी मात्र आजपासून काढा. मला माहितीये त्यानं बरं वाटतं, पण रात्रभर गुडघा वाकलेला राहिला की दिवसभर कमावलेलं जातं. कुशीवर झोपून दोन्ही गुडघ्यांच्या मधे घेतलीत तर चालेल.

वजनाचं तुम्ही लिहिलं नाही आणि मी लेक्चर देत नाही, फक्त एक गोष्ट, २००५ च्या एका अभ्यासात दिसलं की वजन एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. म्हणजे दोन-तीन किलो उतरले तरी गुडघ्याला ते कळतं. शीत कोडी (भात-कालवण) कुणी सोडा म्हणत नाही, दुसऱ्यांदा शीत वाढून घेऊ नका एवढंच. आणि जत्रेला, लग्नाला, जिथे खूप चालायचंय तिथे काठी घ्या, डाव्या हातात, उजवा गुडघा दुखतोय म्हणून डाव्या हातात. बरेच लोक उलट धरतात.

इंजेक्शनबद्दल. तुम्हाला सुचवलंय ते स्टेरॉइडचं असावं, त्यानं काही आठवडे आराम पडतो, खूप दुखत असेल, झोपच नसेल तर एखादं घ्यायला हरकत नाही, पण शुगर काही दिवस वर जाते हे लक्षात ठेवा आणि घेतलंत तर त्या दिवसांत रोज तपासा. २०२० साली डेल ह्यांच्याच गटानं १५६ पेशंटमध्ये इंजेक्शन आणि फिजिओथेरपी समोरासमोर ठेवून बघितली, फिजिओथेरपीत हातानं करणं आणि व्यायाम दोन्ही होतं. ० ते २४० चा स्कोअर, जास्त म्हणजे जास्त त्रास, दोन्ही गट सुरुवातीला १०७-१०९ च्या आसपास होते. वर्षानंतर इंजेक्शनवाले ५६ वर आले आणि फिजिओवाले ३७ वर. दोघांनाही फायदा झाला, पण कुणाला जास्त ते दिसतंय. आणि दर तीन महिन्यांनी दोन वर्षं इंजेक्शन देऊन बघितलेल्या २०१७ च्या अभ्यासात कूर्चा जास्त पातळ झाली आणि दुखण्यात मात्र साध्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा फरक नव्हता, तेव्हा परत परत घेत राहणं मला पटत नाही.

आता मुलाचं म्हणणं. तो काळजीनं म्हणतोय, त्याला रागावू नका. ऑपरेशन वाईट नाही, ज्यांना गरज आहे त्यांना ते नवं आयुष्य देतं आणि मी स्वतः कितीतरी जणांना "आता थांबू नका, करून घ्या" म्हणून पाठवलंय. डेन्मार्कमध्ये २०१५ साली ऑपरेशनला पात्र ठरलेल्या १०० जणांवर अभ्यास झाला, सगळ्यांना तीन महिने व्यायाम, वजन, सल्ला वगैरे, आणि त्यातल्या निम्म्यांचं आधी ऑपरेशनही. वर्षानं ऑपरेशनवाले जास्त सुधारले, हे खरंय, पण गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली, आणि ऑपरेशन न केलेल्या ५० जणांपैकी वर्षभरात १३ जणांनीच ते करून घेतलं. बाकीचे ३७ वर्षभर तरी थांबू शकले. तुम्ही तर अजून नीट तीन महिने व्यायाम केलेलाच नाही. ते करा, मग बघा. रात्री दुखण्यानं झोप लागेना, घरातल्या घरात चालणंही कमी होत गेलं, पाय बाहेरच्या बाजूला वाकत चाललाय असं दिसलं, तर मग सर्जनला भेटायचं, आणि तेव्हाही हे बळकट केलेले स्नायूच ऑपरेशननंतर उपयोगी पडतात, काहीच वाया जात नाही. तुमच्याकडे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर त्यात काय बसतं ते तेव्हा इस्पितळात विचारून घ्या. एक मात्र मुलाला आत्ताच सांगा, सांधा बदलल्यावर बहुतेक सर्जन जमिनीवर मांडी घालून, उकिडवं बसू नका म्हणतात. तुम्हाला ज्यासाठी गुडघा हवाय त्यातलं एक काम ऑपरेशननंतर कदाचित बंदच होईल.

मांडी घालून बसण्याचं आत्ता काय? प्रयत्न करता येईल, वचन देत नाही. आधी पाय सरळ होऊ दे, मग वाकवणं वाढवू, सहसा असाच क्रम असतो. तोवर भजनाला खुर्चीवर बसा, देवाला चालतं, आणि मंडळातल्या दुसऱ्या बायकांनाही धीर येतो, दरवेळी कुणीतरी एकटी खुर्चीवर बसायला लाजून घरी राहत असते. जमिनीवर बसायचंच असेल तर पाटावर किंवा जाड उशीवर, उंची वाढली की गुडघा कमी वाकतो, आणि उठताना कुणाचातरी हात किंवा भिंत. आदोळीवर बसून नारळ खवणं मात्र सध्या सुनेला द्या नाहीतर टेबलाला लावायचं खवणं मिळतं ते आणा.

फुगडीबद्दल मी मुद्दाम सविस्तर सांगणार आहे कारण "आता ह्या वयात कशाला" असं तुम्हाला घरात ऐकवलं असणार. मला तसं अजिबात वाटत नाही. तुम्ही गावातल्या पोरींना फुगडीची गाणी शिकवता असं लिहिलंय, ते थांबता कामा नये. चवथीला अजून चार महिने आहेत, हा चांगला वेळ आहे. उभ्यानं, गोलात, टाळ्या देत, पुढे-मागे वाकत घालायची फुगडी दोन-अडीच महिन्यांच्या व्यायामानंतर सुरू करायला हरकत नाही, माझा हिशोब असा की खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठता यायला हवं, एका पायावर दहा मोजेपर्यंत भिंतीजवळ उभं राहता यायला हवं, आणि पायरी उतरताना कळ येता कामा नये. सुरुवातीला एक गाणं, दुसऱ्या दिवशी गुडघा कसा आहे ते बघून दोन. हात धरून गरगर फिरायची आणि बसून उड्या मारत घालायची ह्या वर्षी नको, त्यात पाय जमिनीला रोवून गुडघा पिळला जातो, ती पोरींना घालू दे आणि तुम्ही गाणं उचला. शेणानं सारवलेली जमीन किंवा गुळगुळीत लादी असेल तर अनवाणीच घाला, मोजे घालून नको.

शेवटी नी कॅपचं विचारलंत. घातल्यानं आधार वाटतो आणि तो वाटणं खोटं नाही, बाजारात जाताना, बसनं प्रवास करताना घाला. दिवसभर घरात नको, रात्री तर काढाच, आणि काढल्यावर कातडीवर खोल वळ उमटत असेल तर एक नंबर मोठी घ्या, शुगरमुळे पायाच्या रक्तपुरवठ्याची काळजी आपल्याला घ्यायलाच हवी. तेल लावून हलक्या हातानं चोळायला काही हरकत नाही, कुठलंही चालेल, घरचं खोबरेलसुद्धा, हजार-दोन हजारांचं मागवू नका.